‘येताना हार्डडिस्क आण!’

एकेकाळी सिनेमा हवा असेल तर मित्राच्या कम्प्युटरचा डबा उघडावा लागायचा. आता सगळं बोटाच्या एका टोचणीवर आहे... म्हणजे कुणीतरी ते काढून टाकेपर्यंत आहे! फाइल शेअरिंगच्या त्या जुगाडू दिवसांची आणि आपल्या ड्रॉवरमधल्या हार्डडिस्कच्या तब्येतीची ही खबरबात.

प्रत्येक घरात एक ठरलेला ड्रॉवर असतो. त्यात नोकियाचा बारीक पिनचा चार्जर असतो, कॉलेजच्या प्रोजेक्टची सीडी असते, टोपण हरवलेला दोन जीबीचा पेनड्राइव्ह असतो आणि तळाशी एक एक्स्टर्नल हार्डडिस्क असते. तिची केबल सापडत नाही. आत काय आहे असं कुणी विचारलं, तर आपण बिनधास्त सांगतो, ‘अरे, सगळं आहे त्यात!’ सगळं म्हणजे नक्की काय, हे मात्र धड आठवत नाही.

या ड्रॉवरची आठवण व्हायला कारण घडलं रॅमचं. २०२५ साल संपता संपता रॅमचे भाव असे काही भडकले, की ऑफिसच्या पॅण्ट्रीत सोन्यापाठोपाठ रॅमचा विषय निघायला लागला. ज्याला नवा पीसी असेंबल करायचा होता तो हळहळत होता आणि ज्यानं वर्षभर आधी उगाचच ३२ जीबी टाकून घेतली होती, तो कॉलर ताठ करून फिरत होता. मेमरी चिपच्या धंद्यात मोठे खेळाडू मोजून तीन. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयची डेटा सेंटर्स उभी राहायला लागली तशी या तिघांकडे मेमरीची एवढी मागणी आली, की किरकोळ गिऱ्हाइकाकडे बघायला कुणाला फुरसत उरली नाही. डिसेंबर २०२५मध्ये तर मायक्रॉननं ‘क्रुशल’ हा आपला ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. तुमच्याआमच्यासारख्यांना दुकानातून रॅम आणि एसएसडी विकणारा हा ब्रँड.

भाव याआधीही भडकले होते म्हणा. २०११मध्ये थायलंडमध्ये मोठा पूर आला, हार्डडिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर हार्डडिस्क महागल्या. पण पूर ओसरतो. या वेळचं प्रकरण जरा निराळं वाटतंय. कम्प्युटर आपल्या टेबलावर असण्यापेक्षा तो दुसऱ्या कुणाच्या तरी गोडाऊनमध्ये असावा आणि आपण त्याचं महिन्याचं भाडं भरत राहावं, याकडे सगळा बाजार झुकलाय. गाणी, सिनेमे आणि फोटोंचं तर हे कधीच होऊन गेलं. तेही आपण हसत हसत होऊ दिलं.

डबा उघडा, केबल जोडा

माझा मावसभाऊ माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. राहायला डोंबिवलीत. मी तिसरी-चौथीत असताना सुट्टीत त्याच्याकडे जायचो, तेव्हा त्याच्या पीसीच्या कॅबिनेटला एका बाजूचं झाकण नसायचंच. ‘रोज कोण स्क्रू काढत बसणार?’ हे त्याचं स्पष्टीकरण. आणि रोज डबा उघडायचं कारण एकच. मित्रांच्या हार्डडिस्क!

आजच्या मंडळींना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. पण तेव्हा लोक कम्प्युटरच्या पोटातली हार्डडिस्क काढून, नॅपकिनात गुंडाळून, सॅकमध्ये टाकून लोकलनं दुसऱ्याच्या घरी न्यायचे. ‘येताना हार्डडिस्क आण’ हे वाक्य ‘येताना बिस्किटं आण’ इतक्या सहज उच्चारलं जायचं. कारण साधं होतं. सुरुवातीच्या यूएसबीचा वेग सेकंदाला जेमतेम एक एमबी. त्या हिशेबानं ७०० एमबीच्या एका सिनेमाला दहा-बारा मिनिटं आणि वीस सिनेमांना चार तास! उलट हार्डडिस्क थेट मदरबोर्डला जोडली, तर सिनेमा मिनिटाभराच्या आत इकडून तिकडे.

जोडायची ती चपटी, राखाडी, फितीसारखी आयडीई केबल. एका केबलवर दोन हार्डडिस्क बसायच्या. त्यातली घरची ‘मास्टर’ आणि पाहुणी ‘स्लेव्ह’. कोण मास्टर आणि कोण स्लेव्ह, ते हार्डडिस्कच्या मागच्या बाजूच्या तांदळाएवढ्या जंपरवर ठरायचं. तो जंपर चुकीच्या पिनांवर बसला की कम्प्युटर ढिम्म हलत नसे, आणि जमिनीवर पडला की घरातले सगळे ओणवे! हे सगळं मावसभावाला कुणी शिकवलं नव्हतं. सोसायटीतल्या एकाला येत होतं, त्यानं दुसऱ्याला दाखवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. फाइल शेअरिंगच्या आधी हे स्क्रू-ड्रायव्हर शेअरिंग सुरू झालं होतं.

पीसी अर्थातच असेंबल केलेला. ग्रँट रोड स्टेशनला उतरायचं, लॅमिंग्टन रोडला जायचं. (कागदोपत्री त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण त्या नावानं रस्ता विचारून बघा, समोरचा आधी तुमच्याकडे बघेल, मग म्हणेल, ‘लॅमिंग्टन रोड म्हणजे ना?’) चार दुकानांतून कोटेशनचे कागद गोळा करायचे, प्रोसेसर एका ठिकाणी, मॉनिटर दुसऱ्या ठिकाणी घासाघीस करून घ्यायचा आणि वाचलेल्या पैशांत हार्डडिस्क एक पायरी वरची टाकायची. २० जीबीऐवजी ४० जीबी. घरी येऊन विंडोजमध्ये बघितलं, तर ४०ऐवजी ३७ जीबीच दिसायची आणि दुकानदारानं गंडवलं म्हणून आरडाओरडा व्हायचा. खरं तर दुकानदार बिचारा निर्दोष. हार्डडिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात, आणि विंडोज १०२४च्या पटीत मोजतं. त्यामुळे आजही एक टीबीची नवीकोरी डिस्क ९३१ जीबीच दाखवते. अमेरिकेत या फरकावरून सीगेटवर चक्क खटला झाला होता आणि २००७मध्ये कंपनीनं तडजोड करून गिऱ्हाइकांना पाच टक्के परतावा देऊ केला.

रात्री दोन ते सकाळी आठ

हे सिनेमे आणि गाणी मुळात यायची कुठून?

गोष्ट सुरू होते १९९९च्या जूनमध्ये. शॉन फॅनिंग नावाच्या कॉलेजच्या पोरानं नॅपस्टर काढलं. त्याच्या आधी एमपीथ्री आलेलंच होतं. सीडीवरचं गाणं साधारण अकरा पटींनी आकसून चारेक एमबीत बसायला लागलं होतं. नॅपस्टरनं एवढंच केलं, की कुणाच्या कम्प्युटरवर कोणतं गाणं आहे याची यादी ठेवली. बाकी देवाणघेवाण लोकांची आपापसांत. रेकॉर्ड कंपन्या कोर्टात गेल्या, मेटॅलिका हा बँडसुद्धा गेला आणि २००१च्या जुलैत नॅपस्टरचा गाशा गुंडाळला. पण तोवर झालं ते झालं. काझा आलं, लाइमवायर आलं. ब्रॅम कोहेननं २००१मध्ये बिटटोरंट आणलं, त्यात तर फाइलचे तुकडे करून शंभर जणांकडून शंभर तुकडे घ्यायचे आणि आपल्याकडे आलेला तुकडा लगेच पुढच्याला द्यायचा. जितके घेणारे जास्त, तितका वेग जास्त. हे डोकं मात्र मानलंच पाहिजे! पंक्तीत माणसं वाढली की जेवण कमी पडतं, इथे माणसं वाढली की जेवण वाढायचं.

आपल्याकडे मात्र घोडं लाइनवर अडायचं. डायलअपवर एक गाणं यायला पंधरा-वीस मिनिटं, त्यात आईनं बाहेरच्या खोलीतला फोन उचलला की संपलं. २००५मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलचं ब्रॉडबँड आलं आणि जरा जीवात जीव आला. दिवसा मोजूनमापून मिळणारे एमबी. पण बीएसएनएलच्या लोकप्रिय प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट! २५६ केबीपीएसच्या लाइनवर ७०० एमबीचा सिनेमा यायला किती वेळ लागतो, माहितीय? सव्वासहा तास. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी सकाळी आठच्या ठोक्याला ९६ टक्के! उरलेले चार टक्के दुसऱ्या रात्री. हा हिशेब तेव्हा शाळकरी पोरांनाही तोंडपाठ होता.

आणि सिनेमा ७०० एमबीचाच का? तर एका सीडीवर तेवढंच मावतं. सिनेमा लांब असला तर दोन सीडी. इंटरव्हल कुठे करायचा ते दिग्दर्शकानं नाही, सीडीनं ठरवायचं. मग ती फाइल उघडायला पाहिजे तो कोडेक नसायचा, आवाज यायचा पण चित्र नाही, आणि शेवटी कुणीतरी व्हीएलसी टाकून द्यायचं. तो केशरी ट्रॅफिक कोन! पॅरिसच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजातल्या मुलांनी १९९६मध्ये सुरू केलेलं हे प्रोजेक्ट. आजही फुकट, आजही जाहिरात नाही. २०२२मध्ये भारतात त्याची वेबसाइट काही महिने ब्लॉक होती, नोव्हेंबरात ती परत सुरू झाली. एवढ्या लोकांचे वीकेण्ड वाचवल्याबद्दल या मंडळींना एखादा पुरस्कार द्यायला हरकत नाही.

हॉस्टेलमधल्या पब्लिकची तर चंगळच होती. तिथे बाहेरचं इंटरनेट लागायचंच नाही. डीसी++ नावाचं सॉफ्टवेअर टाकायचं आणि हॉस्टेलच्या नेटवर्कवर जो तो आपापलं कपाट उघडं ठेवायचा. एकाकडे जपानी अॅनिमे, एकाकडे लेक्चरच्या नोट्स, एकाकडे किशोरीताईंच्या मैफली. २००७मध्ये आयआयटी मुंबईनं हॉस्टेलच्या खोल्यांमधलं इंटरनेट रात्रीचं बंद करायचं ठरवलं, तेव्हा त्याची बातमी परदेशी पेपरांतही आली होती. पोरं खोलीबाहेर पडत नाहीत, अशी तक्रार होती.

पण चोरीच ना ती?

हो, बऱ्याच अंशी चोरीच. उगाच शब्दांचे खेळ नकोत. फोर्टच्या फूटपाथवर विकली जाणारी नव्या सिनेमाची सीडी आणि रात्रभर लावून ठेवलेलं टोरंट, दोन्हींत ज्यानं सिनेमा बनवला त्याच्या हाती भोपळाच. २०१६च्या जूनमध्ये ‘उडता पंजाब’ रिलीजच्या दोन दिवस आधी नेटवर फुटला. ज्यानं घर गहाण ठेवून सिनेमा काढलाय त्याला ‘माहिती मुक्त असली पाहिजे’ वगैरे सांगायला जायची माझी तरी हिंमत नाही. कायदाही २०२३मध्ये कडक झाला. आता सिनेमाच्या पायरसीला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाखांचा दंड आहे. वरची मर्यादा सिनेमाच्या निर्मिती खर्चाच्या पाच टक्के!

पण गंमत अशी, की लोक नेहमी फुकट मिळतं म्हणूनच घेत होते असं नाही. पुष्कळ गोष्टी पैसे देऊनही मिळत नव्हत्या. डोंबिवलीत बसलेल्या पोरानं अमेरिकेतली सिरियल विकत घ्यायची कुठून? याचं देशी उत्तर शोधलं मोझर बेअरनं. ही कंपनी कोऱ्या सीडी बनवण्यात जगातल्या बड्या कंपन्यांपैकी एक. २००७च्या सुमारास तिनं सिनेमांचे हक्क घेऊन अस्सल व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. फूटपाथवाल्याला घाम फुटला! किराणा दुकानात साबणाशेजारी सिनेमे टांगलेले असायचे. पुढे सीडीचाच जमाना सरला आणि २०१८मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली, तो भाग वेगळा. पण स्वस्त आणि सहज मिळालं तर लोक सरळ मार्गानं घेतात, हे तिनं दाखवून दिलं होतं.

स्ट्रीमिंगवाल्यांनीही नेमकं हेच हेरलं. स्पॉटिफायचा डॅनियल एक त्याआधी, २००६मध्ये, काही काळ कुणाचा सीईओ होता माहितीय? म्यूटोरंटचा! म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर अख्ख्या जगानं टोरंट उतरवली, त्याचा. ते सॉफ्टवेअर लिहिणारा प्रोग्रॅमरसुद्धा पुढे स्पॉटिफायमध्ये गेला आणि सुरुवातीची काही वर्षं स्पॉटिफायची गाणी आतून याच पद्धतीनं, एकमेकांच्या कम्प्युटरवरून यायची. काझा काढणाऱ्यांनी स्काइप काढलं, तेही त्याच जातकुळीचं. (ते स्काइपही मे २०२५मध्ये बंद झालं. एका पिढीनं आपली लाँग डिस्टन्स अफेअर्स त्यावर निभावली, आणि जाताना साधी पार्टी नाही.) चोराच्या वाटा माहीत असलेल्यांनीच पुढे टोलनाका टाकला, असं म्हणा हवं तर.

सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि आपल्याकडचा डाउनलोडचा जमाना दोन वर्षांत आटोपला. मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपये देऊन मेमरी कार्ड भरून आणायची पद्धत गेली. शेअरइट आणि झेंडर तेवढी राहिली होती, तीही जून २०२०मध्ये ५९ चिनी अॅप्सबरोबर बाद झाली. हार्डडिस्क ड्रॉवरमध्ये गेली. सगळं ‘तिकडे’ आहेच की, मग ‘इकडे’ कशाला?

आज आहे, उद्या नाही

३१ मार्च २०२३ला ज्यांची ‘सक्सेशन’ अर्धवट बघून झाली होती, त्यांना विचारा. त्या दिवशी एचबीओच्या सगळ्या मालिका हॉटस्टारवरून गेल्या. काही आठवड्यांनी त्या जिओसिनेमावर उगवल्या, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये हे दोन्ही अॅप एकत्र होऊन जिओहॉटस्टार झालं. म्हणजे ज्या घरातून निघाले, फिरून त्याच घरात आले! तुम्ही मात्र मध्ये दोनदा बिऱ्हाड बदललंत.

बरं, हे भाड्याचं झालं. विकत घेतलेल्या गोष्टींचं तरी काय? जुलै २००९मध्ये अॅमेझॉननं किंडलवर लोकांनी पैसे देऊन घेतलेली काही पुस्तकं रातोरात परस्पर पुसून टाकली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून. पैसे परत केले, मालकानं जाहीर माफी मागितली, सगळं झालं. पण पुस्तक कोणतं होतं? जॉर्ज ऑरवेलचं ‘१९८४’! सरकार जुनी कागदपत्रं नाहीशी करतं, त्यावरचं. असा योगायोग कुठल्या कादंबरीत आला असता तर संपादकानं कापला असता. पुढे २६ फेब्रुवारी २०२५पासून किंडलची पुस्तकं कम्प्युटरवर उतरवून घ्यायची सोयही बंद झाली. गेम्सवाल्यांची कथा आणखी भारी. यूबीसॉफ्टनं ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद केले आणि लोकांच्या कपाटातल्या डिस्कचं बशीत रूपांतर झालं. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५पासून कायदाच आहे, की तुम्ही नुसता परवाना देत असाल, तर बटणावर ‘विकत घ्या’ असं लिहून गिऱ्हाइकाला भुलवायचं नाही.

आणि फुकटच्या जागेचं? मायस्पेस आठवतंय? २०१९च्या मार्चमध्ये उघड झालं, की सर्व्हर हलवताना त्यांच्याकडची २००३ ते २०१५ अशा बारा वर्षांतली गाणी गेली. पाच कोटी गाणी! हौशी बँड, पहिल्यावहिल्या चाली, कुणाचे तरी एकुलते एक रेकॉर्डिंग. महिन्याभरानं त्यातली ४ लाख ९० हजार गाणी परत मिळाली. कशी? तर काही अभ्यासकांनी २००८ ते २०१०च्या दरम्यान कसल्याशा संशोधनासाठी ती आपल्याकडे उतरवून ठेवली होती. कंपनीच्या बॅकअपमधून नाही. दुसऱ्याच कुणाच्या तरी कॉपीतून!

‘टॉय स्टोरी २’चं पण तेच. १९९८मध्ये पिक्सारमध्ये कुणीतरी चुकीची कमांड दिली आणि सिनेमाच्या फाइली भराभर पुसल्या जायला लागल्या. बॅकअप बघितला तर तो धड चालत नव्हता. वाचवलं कुणी? गॅलिन सुसमन या बाईंनी. त्या तान्ह्या बाळामुळे घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या कम्प्युटरवर एक प्रत होती. तो कम्प्युटर ब्लँकेटात गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर बांधून ऑफिसात आणला म्हणे. डोंबिवलीच्या नॅपकिनची आठवण आली की नाही?

आपल्या पुण्यात हे उलट्या बाजूनं घडलं. ८ जानेवारी २००३ला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या तिजोरीला आग लागली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची जुनी नायट्रेट फिल्म तिथे होती. नायट्रेट एकदा पेटलं की विझत नाही. ज्या सिनेमांची दुसरी प्रत आधीच काढून झाली होती ते तरले.

डिस्क काय बोलते?

टिक... टिक... टिक... असा आवाज तुमची हार्डडिस्क काढत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी तिची वायर काढा. पुन्हा पुन्हा जोडून ‘बघू या चालते का’ म्हणणं सगळ्यात महागात पडतं. हार्डडिस्कच्या आत तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते आणि तिच्यावर वाचणारा हेड अधांतरी तरंगतो. मधलं अंतर काही नॅनोमीटर. केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी! हेड टेकला की तबकडी खरवडते आणि खरवडलेल्या जागी तुमच्या ट्रिपचे फोटो असतात.

बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी लाखो हार्डडिस्क वापरते आणि किती मेल्या त्याचे आकडे दर वर्षी जाहीर करते. २०२४चा आकडा १.५७ टक्के. शंभरात दीड म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण त्या डिस्क एसी खोलीत, रॅकमध्ये, हलवाहलव न होता बसलेल्या. आपली डिस्क बॅकपॅकमध्ये पाण्याच्या बाटलीशेजारी बसून सकाळी ८.४०ची फास्ट पकडते.

मग एसएसडी घ्यावी का? रोजच्या वापराला बेस्ट. फिरणारं काही नाही, पडली तरी बहुतेक वेळा वाचते. पण कपाटात टाकून विसरून जायला ती नव्हे. तिच्यात डेटा म्हणजे बारीकसारीक कप्प्यांत अडकवलेली वीज, आणि वर्षानुवर्षं तिला करंट मिळाला नाही तर ती गळत जाते. सीडीचं तर विचारूच नका. घरी राइट केलेल्या सीडीत रंगाचा थर असतो, तो उन्हानं, दमटपणानं उडतो. मुंबईच्या चार पावसाळ्यांत तर बुरशीचं नक्षीकामही फुकट.

‘आमचे फोटो गुगलवर आहेत’ म्हणणाऱ्यांनी दोन तारखा लक्षात ठेवाव्यात. १ जून २०२१ला गुगल फोटोजचं अमर्याद फुकट प्रकरण संपलं, आता सगळं मिळून १५ जीबी. आणि डिसेंबर २०२३पासून दोन वर्षं वापर नसलेली खाती पुसायला त्यांनी सुरुवात केली. घरात कुणी गेलं असेल आणि त्यांचे फोटो त्यांच्याच खात्यात असतील, तर त्या खात्याचा पासवर्ड कुणाला माहीत आहे का, हे आज रात्री विचारा. जेवताना विचारायचा प्रश्न नाही खरा. पण विचारा.

जाणकार ३-२-१ म्हणतात. पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरनं रूढ केलेला हा नियम आहे. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. आमच्या घरात हा नियम कुणी ऐकलेलाही नव्हता, पण पाळला मात्र गेला. तो असा.

आमचे आजोबा, आप्पा, एसटीत कंडक्टर होते. चिपळूण-गुहागर त्यांची नेहमीची लाइन. २००७च्या मे महिन्यात सगळी नातवंडं जमलेली असताना मावसभावानं नव्या नोकियावर गंमत म्हणून त्यांना रेकॉर्ड केलं. रामपूर, मार्गताम्हाणे, शृंगारतळी... आप्पा एकेक स्टॉप आपल्या खणखणीत आवाजात पुकारत होते, प्रत्येकाचं तिकीट सांगत होते आणि तिकिटाला पंच मारल्यासारखा पेनाचा टकटक आवाज टेबलावर काढत होते. दोन मिनिटं चाळीस सेकंद. एएमआर फाइल, जेमतेम अडीचशे केबी. त्याच संध्याकाळी ब्लूटूथवरून ती चार भावंडांच्या फोनवर गेली. मोबाइल एकमेकांना टेकवून ठेवायचे, टेकवले की लवकर जातं अशी सगळ्यांची पक्की समजूत होती!

आप्पा २०१२मध्ये गेले. तो नोकिया त्याआधीच पाण्यात पडून गेला होता. बाकीचे फोन एक्स्चेंजमध्ये गेले, एकाचं मेमरी कार्ड फॉरमॅट झालं. गेल्या वर्षी मामाच्या पंचाहत्तरीला काहीतरी करावं म्हणून मावसभावानं जुनी १६० जीबीची हार्डडिस्क काढली. चपट्या केबलची. जोडायला आता मदरबोर्डवर जागाच नसते, म्हणून लॅमिंग्टन रोडवरून यूएसबीचं कन्व्हर्टर आणलं. डिस्क फिरली. सिनेमांच्या गराड्यात ‘मिसलेनियस’, त्यात ‘न्यू फोल्डर’, त्यात ‘न्यू फोल्डर २’, आणि त्यात ‘रेकॉर्डिंग ३’. व्हीएलसीनं एका झटक्यात वाजवली.

त्या रात्रीच फाइल फॅमिली ग्रुपवर पडली. आता ती अकरा फोनवर, दोन लॅपटॉपवर आणि कॅनडातल्या एका पेनड्राइव्हवर आहे. मामानं ती सात वेळा ऐकली, असं मामी सांगत होती. त्याचा मेसेज मात्र सकाळी आला. आप्पांनी मार्गताम्हाण्याचं तिकीट पंचवीस पैशांनी जास्त सांगितलंय, असं त्याचं म्हणणं आहे.